चिंचोका, गवार आणि त्वचेवरची औषधपट्टी

भर पावसात तासभर चालले किंवा विहिरीत मनसोक्त डुंबले, तरी पाणी कातडीतून अंगात शिरत नाही. टॉवेलने अंग पुसले की झाले. पण कानामागे रुपयाच्या नाण्याहून लहान पट्टी चिकटवली, तर तिच्यातले औषध कातडी ओलांडून रक्तात उतरते आणि बोटीच्या प्रवासातली मळमळ तीन दिवस आवरून धरते. जी कातडी पाण्याला दाद देत नाही, ती औषधाला वाट कशी देते? आणि वाट मिळाली तरी सगळे औषध एकदम आत न जाता तीन दिवस पुरवून पुरवून कसे जाते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कातडीच्या रचनेत आहे, दुसऱ्याचे पट्टीच्या रचनेत. पट्टीत औषधाला धरून ठेवणारा आणि हळूहळू सोडणारा पदार्थ म्हणजे पॉलिमर, म्हणजेच बहुवारिक. औषधपट्ट्यांतले पॉलिमर आजवर बहुतांशी कारखान्यात बनवलेले, मुख्यतः खनिज तेलापासून आलेले असत. आता मात्र चिंचोका, गवारीचे बी, इसबगोल, फळांच्या साली आणि झाडांचे डिंक ही कामगिरी पेलतील का, याचा शोध जगभरच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत चालू आहे. भारतातल्या प्रयोगशाळा त्यात चांगल्याच पुढे आहेत. हे वनस्पतिज पॉलिमर नेमके काय करतात आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, ते पाहू.

कातडीची भिंत

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी अवघी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी कमी. पण शरीर आणि बाहेरचे जग यांच्यामधला खरा अडसर हाच. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. चपट्या, वाळलेल्या, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या पेशी या विटा. त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात, तो चुना. पाणी या स्निग्ध चुन्यात मिसळत नाही, म्हणून ते जाणवण्याइतके आत जात नाही आणि आतले पाणीही भसाभस बाहेर पडत नाही.

औषधाचा रेणू मात्र लहान असेल आणि स्निग्ध पदार्थात थोडाफार विरघळत असेल, तर तो विटांना वळसे घालत चुन्यातून वाट काढतो. खालच्या जिवंत थरात पोचला की तिथल्या बारीक केशवाहिन्या त्याला उचलतात आणि तो रक्तप्रवाहात मिसळतो. त्याला पुढे ढकलणारा पंप वगैरे काही नसतो. पट्टीत औषध दाट, कातडीखाली विरळ. दाटीकडून विरळाईकडे जाण्याचा रेणूंचा जो स्वभाव, त्यावरच हे सगळे चालते. याला विसरण म्हणतात.

त्यामुळे कोणतेही औषध पट्टीत भरता येत नाही. रेणूचे वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत असावे, असा ठोकताळा आहे. (हायड्रोजनच्या एका अणूचे वजन जवळपास एक डाल्टन.) तंबाखूतल्या निकोटिनचे वजन १६२, मळमळीवरच्या स्कोपोलामिनचे ३०३, तीव्र वेदनांवरच्या फेंटानिलचे ३३६. ही सगळी औषधे पट्टीतून मिळतात. इन्सुलिनचा रेणू सुमारे ५८०० डाल्टनचा, म्हणून साध्या पट्टीतून इन्सुलिन देता येत नाही. शिवाय औषध थोड्या मिलिग्रॅममध्ये गुण देणारे हवे. ज्या प्रतिजैविकाचा रोजचा डोस ग्रॅममध्ये असतो, ते कातडीतून पुरेसे जाणे शक्यच नाही.

गोळी असताना पट्टी कशाला?

गिळलेली गोळी आतड्यात विरघळते आणि तिथून निघालेले रक्त आधी यकृतात जाते. आलेला परका पदार्थ मोडून टाकणे हे यकृताचे कामच. काही औषधांचा मोठा भाग या पहिल्याच फेरीत वाया जातो. हृदयविकारात छातीत दुखू लागले की नायट्रोग्लिसरिनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, त्याचे कारण हेच आहे. जिभेखालून शोषलेले औषध यकृताला टाळून थेट रक्तात मिसळते. कातडीतून गेलेले औषधही हीच वाट धरते.

दुसरा फायदा सातत्याचा. गोळी घेतली की रक्तातली औषधाची पातळी चढते आणि काही तासांनी उतरते. पातळी चढल्यावर दुष्परिणाम आणि उतरल्यावर त्रास, असे काही औषधांच्या बाबतीत होते. पट्टीमुळे पातळी बऱ्याच अंशी सपाट राहते. ज्यांना गिळता येत नाही, सतत उलट्या होतात किंवा गोळ्यांच्या वेळा लक्षात राहत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. एखादी प्रतिक्रिया आली तर पट्टी काढून टाकता येते. गिळलेली गोळी परत काढता येत नाही. पट्टी काढली तरी कातडीत शिरलेले औषध काही काळ उतरत राहते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सातत्य नेहमीच हितकारक असते असेही नाही. नायट्रोग्लिसरिन चोवीस तास मिळत राहिले तर शरीर त्याला सरावते आणि औषध लागू पडेनासे होते. म्हणून ती पट्टी दिवसातून दहा-बारा तास काढून ठेवायला सांगतात.

पट्टीच्या पोटात काय असते?

शरीरभर परिणाम करणारी पहिली औषधपट्टी अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाली. ती मळमळीवरच्या स्कोपोलामिनची. धोतऱ्यातही आढळणारे हे द्रव्य. सुमारे अडीच चौरस सेंटिमीटरच्या या पट्टीत दीड मिलिग्रॅम औषध असते आणि तीन दिवसांत त्यातले सुमारे एक मिलिग्रॅम शरीरात जाते. प्रवासाच्या किमान चार तास आधी ती कानामागे लावायची, कारण तिथली कातडी औषधाला तुलनेने लवकर वाट देते आणि औषध रक्तात पोचायला तेवढा अवधी लागतोच. त्यानंतर १९८१ साली नायट्रोग्लिसरिनची पट्टी आली. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांसाठी निकोटिनची पट्टी १९९१ साली अमेरिकेत मंजूर झाली.

वरून एकसंध दिसली तरी पट्टीत थर असतात. सर्वांत वर प्लास्टिकचे पातळ अस्तर, ज्यातून औषध बाहेर उडून जात नाही आणि पाणी आत येत नाही. त्याखाली औषध मिसळलेला पॉलिमरचा थर. मग कातडीला धरून ठेवणारे चिकट द्रव्य. अनेक पट्ट्यांत औषध याच चिकट थरात मुरवलेले असते. तळाशी वापरण्याआधी सोलून टाकायचा कागद.

यातला पॉलिमरचा थर एकाच वेळी तीन कामे करतो. औषधाला सगळीकडे सारखे पसरवून धरतो, त्याचे खडे होऊ देत नाही. ते कोणत्या गतीने बाहेर पडावे हे ठरवतो. आणि कातडीवर ओलावा टिकवतो. एरवी कातडीच्या वरच्या थरात पाणी थोडेच असते. पट्टीखाली घामाचे बाष्प अडते, तो थर ओला होऊन फुगतो आणि स्निग्ध चुना काहीसा सैल पडतो. भिंतीतून औषध जाणे त्यामुळे सोपे होते.

पॉलिमर म्हणजे एकसारखे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. तिचे वजन लाखो डाल्टन असू शकते. त्यामुळे पॉलिमर स्वतः कातडीत शिरत नाही, तो पट्टीतच राहतो. चिंचोक्याच्या किंवा गवारीच्या पट्टीत गुण येतो तो तिच्यातल्या औषधाचा. चिंचोका त्या औषधाचा वेग सांभाळतो, एवढेच.

झाडांकडे हे पॉलिमर आले कुठून?

झाडांना ते स्वतःसाठी लागतात. बी रुजताना अन्न हवे आणि ओलही धरून ठेवायला हवी. ही दोन्ही कामे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या करतात. गवारीच्या बीच्या गाभ्यात मॅनोज नावाच्या शर्करेची साखळी असते आणि तिला ठिकठिकाणी गॅलॅक्टोजच्या फांद्या फुटलेल्या असतात. हाच तो गवारगम. गवारीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि त्यातला मोठा वाटा राजस्थानचा.

चिंचोक्याच्या पिठातले द्रव्य वेगळे, त्याला झायलोग्लुकॅन म्हणतात. महाराष्ट्राला त्याची ओळख जुनी आहे. घोंगडी विणणारे धनगर कारागीर मागावर चढवण्याआधी लोकरीच्या उभ्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवले की दाट खळ तयार होते. ती सुतावर पसरून वाळली की धाग्याभोवती पातळ, चिवट पापुद्रा बसतो, विखुरलेले तंतू दाबले जातात आणि सूत मागावर घासले तरी तुटत नाही. पट्टी बनवणाऱ्या संशोधकाला पॉलिमरकडून हाच गुण हवा असतो: पाण्यात फुलावे, सपाट पसरावे आणि वाळल्यावर पापुद्रा धरावा. या झायलोग्लुकॅनमधले काही गॅलॅक्टोज विकराने छाटून टाकले, तर त्याचे पाण्यातले द्रावण गार असताना पातळ राहते आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट जेल होते.

घरात पाहू गेलो तर उदाहरणे भरपूर आहेत. पाण्यात टाकलेल्या सब्जाभोवती जमणारे पारदर्शक वेष्टण, भिजवलेल्या इसबगोलाचा बुळबुळीतपणा, चिरलेल्या भेंडीची तार, मुरांबा घट्ट करणारे फळातले पेक्टिन, कांजीला दाटपणा देणारे पिष्ट, ही सारी वनस्पतिज पॉलिमरांची रूपे. गळवावर बांधायचे जवसाचे पोटीस ऊब आणि ओल धरून ठेवते, तेही जवसातल्या अशाच द्रव्यामुळे. कापूस आणि लाकूड यांतला सेल्युलोज तर पृथ्वीवर सर्वाधिक आढळणारा नैसर्गिक पॉलिमर. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेले एचपीएमसी गोळ्यांच्या वेष्टणात आणि शाकाहारी कॅप्सूलच्या टोपणात आज सर्रास वापरले जाते.

चिकटपट्टीची सुरुवातही झाडाच्याच चिकापासून झाली. १८४५ साली अमेरिकेत विल्यम शेकट आणि होरेस डे यांनी द्रावकात विरघळवलेले नैसर्गिक रबर कापडावर लावून औषधी चिकटपट्टी बनवली. पुढे रबराच्या जोडीला राळही आली. कारखान्यात बनणारी चिकट द्रव्ये त्यानंतरची.

पापुद्रा कसा धरतात?

प्रयोगशाळेतली रीत समजायला अवघड नाही. शुद्ध केलेली गवारगम किंवा चिंचोक्याची पूड पाण्यात थोडी थोडी टाकत ढवळतात. एकदम टाकली तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटातली पूड कोरडीच राहते. द्रावण काही तास ठेवून पुरते फुलू देतात आणि ढवळताना शिरलेले हवेचे बुडबुडे निघून जाऊ देतात, कारण राहिलेला बुडबुडा पुढे पट्टीत भोक होतो. मग त्यात औषध आणि थोडे ग्लिसरीन मिसळतात.

ग्लिसरीन नसेल तर पापुद्रा वाळल्यावर कडक होऊन तडकतो. ग्लिसरीनचे लहान रेणू लांब साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतात, त्यांना एकमेकींना घट्ट धरू देत नाहीत आणि पापुद्रा लवचीक राहतो. हे मिश्रण सपाट तळाच्या काचपात्रात ओततात आणि वर उलटे नरसाळे झाकून सावकाश वाळवतात. घाईने वाळवले तर वरचा थर आधी आवळतो आणि सुरकुत्या पडतात. वाळलेला पापुद्रा सोलून ठरावीक मापाचे तुकडे कापले की पट्टीचा गाभा तयार झाला.

आता वेगाचा प्रश्न. गवारगम, एचपीएमसी ही पाण्याची ओढ असलेली द्रव्ये. ओलावा मिळताच ती फुगतात, साखळ्यांमधली अंतरे वाढतात आणि औषध भरभर बाहेर पडते. पाइन वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढल्यावर उरणारी राळ याच्या उलट, पाण्याला जवळ न येऊ देणारी. तिच्यातून औषध फार सावकाश सुटते. दोन्ही स्वभावांची द्रव्ये योग्य प्रमाणात मिसळली की हवा तो वेग साधता येतो.

नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातल्या संशोधकांनी २००५ साली नेमके हेच करून पाहिले. राळेचे रेणू जोडून बनवलेल्या पॉलिमराइज्ड रोझिनमध्ये त्यांनी पाण्यात विरघळणारे पीव्हीपी हे कृत्रिम पॉलिमर मिसळले आणि रक्तदाबावरचे डिल्टियाझेम हे औषध भरून पापुद्रे बनवले. पीव्हीपीचे प्रमाण वाढवले तसा औषध सुटण्याचा वेग वाढला. त्याच सुमारास, २००४ साली, गवारगमवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवलेल्या कार्बोक्सिमिथाइल गवारच्या पापुद्र्यात दम्यावरचे टर्ब्युटालिन भरून केलेला अभ्यासही प्रसिद्ध झाला.

कसोटीला उतरताना

पापुद्रा छान दिसला म्हणून पट्टी झाली असे होत नाही. आधी घडीची कसोटी: एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दुमडून तो कितव्या घडीला तुटतो ते मोजतात. माणसाची कातडी सतत ताणली आणि मुडपली जाते, तेव्हा पट्टीने शेकडो घड्या सोसायला हव्यात. मग जाडी आणि प्रत्येक तुकड्यातले औषध सारखे आहे का, दमट हवेत पापुद्रा किती ओल घेतो, कोरड्या हवेत किती सोडतो, हे पाहतात.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा फ्रान्झ विसरण-पात्रात होते. हे काचेचे उभे पात्र, त्याचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे. दोन्हींच्या मध्ये डुकराच्या कानाची किंवा उंदराची कातडी, काही वेळा मृत्यूनंतर दान मिळालेली मानवी कातडी ताणून बसवतात. कातडीच्या वर पट्टी आणि खालच्या कप्प्यात रक्ताच्या जागी क्षारयुक्त द्रावण. बाहेरून ऊन पाणी फिरवून खालचे द्रावण ३७ अंश सेल्सियसला ठेवतात, म्हणजे कातडीचा पृष्ठभाग आपल्या कातडीइतका, सुमारे ३२ अंशांवर राहतो. तळाशी चुंबकाची छोटी कांडी फिरत असते. दर तासाला खालच्या द्रावणाचा थोडा नमुना काढायचा, तेवढेच ताजे द्रावण आत घालायचे आणि नमुन्यात किती औषध उतरले ते मोजायचे. तासागणिक मिळालेल्या आकड्यांचा आलेख बराचसा सरळ रेषेत चढला, तर पट्टी औषध एका चालीने देते आहे असे समजावे.

निसर्गाचे म्हणून येणाऱ्या अडचणी

वनस्पतिज पॉलिमर स्वस्त आहेत, दरवर्षी शेतात पुन्हा पिकतात, मातीत कुजतात आणि त्यातले बरेचसे आपण खात आलो आहोत. त्यांची बाजू भक्कम आहे. पण औषधात ‘साधारण सारखे’ चालत नाही आणि झाड तर दरवर्षी सारखे द्रव्य देत नाही. जात, जमीन, पाऊस आणि काढणीची वेळ बदलली की साखळीची लांबी बदलते, तिच्याबरोबर दाटपणा बदलतो आणि औषधाचा वेगही बदलतो. म्हणून कच्चा डिंक पाण्यात विरघळवून अल्कोहोलने पुन्हा साका पाडून घेतात. त्यामुळे मळ, रंग आणि इतर भेसळ बरीच निघते. त्यानंतर प्रत्येक खेप ठरलेल्या मापात बसते का ते तपासावे लागते.

दुसरी अडचण ओलाव्याची. पाण्याची ओढ हा या द्रव्यांचा गुणच दमट हवेत उलटतो. कोकणातल्या पावसाळ्यात अशी पट्टी नीट बंद पाकिटात नसेल तर ओल धरून लिबलिबीत होते आणि तिच्यावर बुरशीही वाढते, कारण साखरेची साखळी बुरशीचे अन्न आहे. यावर उपाय आहेत. संरक्षक द्रव्ये घालता येतात. साखळ्या एकमेकींना बांधून टाकल्या तर त्या कमी फुगतात. पेक्टिनच्या काही प्रकारांत हे काम कॅल्शियमचे क्षार करतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या कृत्रिम पॉलिमरची जोड देऊन ताकदही वाढवता येते.

तिसरी अडचण ॲलर्जीची. झाडातून आलेले ते निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. राळेमुळे कातडीवर पुरळ आणि खाज येणे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. नैसर्गिक रबरातल्या प्रथिनांची ॲलर्जी काहींच्या बाबतीत गंभीर रूप घेते. म्हणून वनस्पतिज पट्टीचीही कातडीवर रीतसर चाचणी घ्यावीच लागते.

त्यामुळे आजचे चित्र मिश्र आहे. सेल्युलोजपासून बनवलेली द्रव्ये औषध उद्योगात पक्की रुळली आहेत. चिंचोका, गवार आणि डिंक यांच्या पट्ट्या मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहेत. पुढची एक वाट सूक्ष्मसुयांची आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी २००८ साली कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पिष्टातले ॲमायलोपेक्टिन यांपासून केसाहून बारीक टोकाच्या सुया बनवल्या. त्या कातडीचा वरचा थर भेदून आत विरघळतात. पॉलिमर पाण्यात विरघळतो, हा एरवीचा दोष इथे कामाला येतो आणि साध्या पट्टीतून न जाणाऱ्या मोठ्या रेणूंनाही वाट मिळू शकते.

चौकट : थोडक्यात

• कातडीचा वरचा मृत थर हा औषधाच्या वाटेतला मुख्य अडसर. साधारण ५०० डाल्टनच्या आतले, स्निग्ध पदार्थात थोडे विरघळणारे, अल्प मात्रेत गुण देणारे औषधच पट्टीतून देता येते.

• पट्टीतले औषध यकृताची पहिली फेरी टाळते आणि रक्तातली पातळी बऱ्याच अंशी सारखी ठेवते.

• पॉलिमर औषधाला धरून ठेवतो आणि त्याचा वेग ठरवतो. तो स्वतः कातडीत शिरत नाही.

• गवारगम, चिंचोक्यातले झायलोग्लुकॅन, पेक्टिन, सेल्युलोज आणि राळ हे वनस्पतींपासून मिळणारे पर्याय. पाण्याची ओढ असलेली आणि नसलेली द्रव्ये मिसळून हवा तो वेग साधतात.

• दर खेपेला बदलणारी प्रत, ओलावा, बुरशी आणि ॲलर्जी या मुख्य अडचणी.

वाचकांसाठी

औषधपट्टी दिसायला निरुपद्रवी असली तरी तिला गोळीइतकेच गंभीरपणे घ्यावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, कोरड्या, जखम नसलेल्या कातडीवर ती लावावी. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध गरजेपेक्षा वेगाने आत जाते. मनाने कात्री चालवून अर्धी पट्टी करू नये. वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते, म्हणून चिकट बाजू आत घेऊन ती दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. फेंटानिलची वापरलेली पट्टी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आणि ‘पूर्ण नैसर्गिक’, ‘हर्बल’ असे छापलेली पट्टी कोणी पुढे केली, तर तीन प्रश्न विचारा: आत औषध कोणते आहे, एका पट्टीतून दिवसाला ते किती मिळते आणि ती बनवायचा परवाना कोणाकडे आहे? या तिन्हींची उत्तरे पाकिटावर छापलेली नसतील, तर ती पट्टी विकत घेऊ नका.